दिवाळखोरीचा सातबारा

अमेरिकेत माणूस बुडायला निघाला तरी त्याच्यापुढे आधी मेनू कार्ड ठेवतात. आपल्याकडे दिवाळं वाजलं की वाजलं. गाव दिवसा सोडायचं की रात्री, एवढीच काय ती निवड. इथे मात्र दिवाळखोरीच्या कायद्यात रीतसर प्रकरणं आहेत. नववं नगरपालिकांसाठी, अकरावं मुख्यतः कंपन्यांसाठी, बारावं शेतकरी आणि मच्छीमारांसाठी, पंधरावं परदेशात पाय अडकलेल्यांसाठी. तुमच्याआमच्या ऐपतीची प्रकरणं दोनच, सातवं आणि तेरावं. १९८६ साली मध्येच घुसवलेलं बारावं सोडलं तर सगळे आकडे विषम आहेत. ज्या परिस्थितीत माणूस ही पानं उघडतो ती पाहता यात गैर काही नाही.

सातवं प्रकरण सांगतं, तुझ्याकडे जे आहे त्याची यादी दे. त्यातलं जगायला लागणारं तू ठेव, बाकीचं आमचा ट्रस्टी विकेल, सावकारांना वाटेल, आणि साधारण चार महिन्यांत तू मोकळा. तेरावं सांगतं, वस्तू सगळ्या ठेव, पण तीन ते पाच वर्षं घरखर्च भागवून जे उरेल ते दरमहा आमच्याकडे आणून दे. म्हणजे प्रश्न पैशांचा नाहीच. वस्तू सोडतोस की वर्षं सोडतोस, एवढंच सरकारला विचारायचं आहे.

आमचे एक स्नेही न्यू जर्सीतल्या एडिसन गावात डबे पुरवायचे. पोळी, दोन भाज्या, वरणभात, शुक्रवारी साबुदाण्याची खिचडी. ऑफिसात जाणाऱ्यांवर धंदा उभा होता. मग ऑफिसंच लोकांच्या घरी राहायला आली, आणि घरी बसलेल्या माणसाला स्वतःच्या फ्रिजपर्यंत चालत जाता येतं हे स्नेह्यांना उशिरा कळलं. तोवर पहिल्या क्रेडिट कार्डाचं देणं दुसऱ्याने, दुसऱ्याचं तिसऱ्याने फेडायची साखळी तयार झाली होती. कार्डं संपली तेव्हा वकील गाठला. वकिलाने फी आधी मागितली. सातव्या प्रकरणातले बहुतेक वकील ती आधीच घेतात, कारण नंतर ठेवली तर इतर देण्यांबरोबर तीही बुडेल. या देशात दिवाळखोराच्या सुटकेवर सगळ्यात गाढ विश्वास कुणाचा असेल तर तो त्याच्या वकिलाचा.

कंगाल व्हायला पात्रताही लागते. २००५ साली काँग्रेसने कायदा कडक केला आणि सातव्या प्रकरणाच्या दारात एक चाचणी बसवली. आधीच्या सहा महिन्यांची तुमची कमाई राज्यातल्या तुमच्याएवढ्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नापेक्षा कमी हवी. जास्त असेल तर खर्चाचा पुढचा हिशेब होतो, आणि त्यात जेवणाखाण्याला किती लागावं हे तुम्ही ठरवत नाही, आयकर खात्याचे तक्ते ठरवतात. अर्जाआधी कर्जसल्ल्याचा एक वर्ग करावा लागतो. सुटका व्हायच्या आधी पैशांच्या व्यवस्थापनाचा आणखी एक. अर्जाची फी ३३८ डॉलर. एवढे नसतील तर चार हप्त्यांत भरायची सोय आहे. आयुष्यभर हप्त्यांवर काढलेल्या माणसाला शेवटचा धक्का एकरकमी द्यावा इतकं हे सरकार निर्दय नाही.

पण खरी परीक्षा या सगळ्याच्या पुढे असते, आणि ती म्हणजे मालमत्तेची यादी. वकिलाने एक जाडजूड प्रश्नावली दिली आणि ती भरायला मला बोलावण्यात आलं. इमिग्रेशनचे फॉर्म भरण्यात ज्यांचं तारुण्य गेलं त्यांना आमच्या मंडळात अजूनही मान आहे.

फॉर्म कसून विचारतो. घरगुती सामान कोणतं? इलेक्ट्रॉनिक वस्तू? पुराणवस्तू, मूर्ती, चित्रं, नाणी, तिकिटांचे संग्रह? खेळाचं साहित्य? बंदुका? कपडे? दागिने? पाळीव प्राणी, म्हणजे कुत्री, मांजरं, पक्षी, घोडे? तळ्यात वाढवलेले मासे? पाकिटात, घरात, लॉकरात रोख किती? आणि एवढं करून शेवटी, "वर न लिहिलेलं आणखी काही?" वधूपक्षाने वरपक्षाची इतकी चौकशी केली असती तर निम्मी लग्नं झाली नसती.

प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहायची. ती किती रुपयांना आणली, कुणी दिली, हे विचारत नाहीत. आज, आहे त्या अवस्थेत, अनोळखी माणूस तिचे किती देईल तेवढंच विचारतात. इथेच वहिनींचा आणि अमेरिकन कायद्याचा पहिला खटका उडाला.

"मिक्सर," मी वाचलं. "पाच डॉलर लिहू?"

"पाच? भाऊजी, माहेरून आणलाय तो. अजून चटणी करतो."

"वहिनी, माहेरचा रकाना नाहीये इथे."

"मग कसला फॉर्म हा!"

स्टीलचे डबे एकात एक बसणारे, त्यांची उतरंड, प्रत्येकावर कुणाच्या तरी मुंजीची तारीख कोरलेली. चार कुकर, त्यातले दोन शिट्टीविना. पुरणयंत्र. तांब्याचा बंब, ज्यात या घरात कधी पाणी तापलं नाही पण जो कोपऱ्यात ऐटीत उभा होता. मखराचे सुटे भाग, कुठल्या वर्षाचा कुठला हे कुणालाच ठाऊक नसलेले. आणि पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला एक डिनर सेट, जो बाहेर काढण्याइतका मोठा पाहुणा वीस वर्षांत आला नव्हता. सगळ्याची बेरीज केली तेव्हा एका बऱ्यापैकी सोफ्याइतकी भरली. वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. नेतील ही भीती त्यांनी मनाशी बाळगली होती. कुणी नेणार नाही हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

कारण कायदा भलताच उदार आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या आकड्यांप्रमाणे घरगुती सामान एका नगाला ८०० डॉलर आणि एकूण १६,८५० डॉलरपर्यंत तुमचंच राहतं, आणि नवराबायको मिळून अर्ज करत असतील तर सवलत दुप्पट. यात फर्निचर, कपडे, भांडी, पुस्तकं, जनावरं, पिकं, वाद्यं, सगळं येतं. अंगणातला टोमॅटो आणि बैठकीतली पेटी एकाच कलमाखाली सुखाने नांदतात. धंद्याच्या हत्यारांना वेगळे ३,१७५ डॉलर. त्यात कणीक मळायचं यंत्र आणि डब्यांच्या मोठ्या कढया बसल्या. ज्या कढईने माणसाला बुडवलं तिच्यासकट त्याला पुन्हा उभं करायचा हा आग्रह हृद्य आहे.

प्रश्न देवांचा आला. चांदीचा गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा. मी "मूर्ती" या रकान्याकडे बोट नेलं तर वहिनींनी माझा हात धरला. "देव मालमत्ता नव्हेत." या मुद्द्यावर त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. भारतात प्रतिष्ठापना झालेली मूर्ती कायद्याच्या दृष्टीने स्वतःच मालक असू शकते, तिच्या नावावर जमीन असते, तिच्या वतीने दावे चालतात. म्हणजे त्या कायद्याने बघितलं तर देव्हाऱ्यात सावकारच बसलेले निघायचे. वकिलाला फोन केला. तो म्हणाला, "धार्मिक वस्तू, चांदी, वजनाप्रमाणे." वहिनींनी वजन करू दिलं, पण काट्यावर आधी हळदकुंकू वाहिलं.

मग दागिने. त्यांची सवलत माणशी २,१२५ डॉलर. आजच्या भावात त्यात दोन तोळेही धड मावत नाहीत. फॉर्ममध्ये रोजचे दागिने, साखरपुड्याची अंगठी, लग्नाची अंगठी, वडिलोपार्जित दागिने असे भेद आहेत. मंगळसूत्र यातल्या प्रत्येकात बसतं आणि एकातही बसत नाही. आपल्याकडे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतच लिहून ठेवलंय की कर्जदाराचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुणपांघरुण, आणि धर्माचाराप्रमाणे कोणत्याही स्त्रीला अंगावेगळे करता येणार नाहीत असे दागिने जप्त होणार नाहीत. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनेही ही सवलत किमतीच्या मर्यादेसह पुढे चालवली. वहिनी म्हणाल्या, "बघा, इंग्रजांनासुद्धा कळत होतं." इंग्रजांबद्दल त्या घरात निघालेले हे पहिलेच चांगले उद्गार.

पण अमेरिकन कायद्याच्या पोतडीत एक हुकमी पान आहे, आणि त्याला सगळे वाइल्डकार्डच म्हणतात. माणशी १,६७५ डॉलर कोणत्याही वस्तूवर लावा. शिवाय राहत्या घरासाठी जी ३१,५७५ डॉलरची सवलत आहे ती वापरली नसेल, तर तिच्यातले १५,८०० पर्यंत याच पानात मिळवा. आमचे स्नेही भाड्याने राहतात. म्हणजे नसलेल्या घराची सवलत असलेल्या सोन्याला मिळाली. घर घेतलं नाही म्हणून ज्या वहिनींनी पंधरा वर्षं टोमणे मारले, त्यांच्या पाटल्या त्या न घेतलेल्या घरानेच वाचवल्या. स्नेह्यांनी हे त्यांना चारदा समजावून सांगितलं. त्या संबंध प्रकरणात त्यांच्या चेहऱ्यावर तेवढाच काय तो विजय दिसला.

हे सगळं केंद्राच्या यादीप्रमाणे. न्यू जर्सीत केंद्राची यादी घ्यायची की राज्याची, अशी निवड आहे आणि राज्याच्या यादीत घरगुती सामानाला जेमतेम हजार डॉलर असल्याने शहाणी माणसं केंद्राची घेतात. पण इतर राज्यांच्या याद्या वाचण्यासारख्या आहेत. समाजाने माणसाला किमान काय लागतं याचा विचार बसून केल्याचा पुरावा फारसा कुठे सापडत नाही. तो या याद्यांत सापडतो. फक्त तो विचार कधी केला होता, हेही त्यात दिसतं.

टेक्सासमध्ये राहतं घर कितीही किमतीचं असो, शहरात दहा एकरांपर्यंत त्याला हात लागत नाही. खेड्यातल्या कुटुंबाला दोनशे एकर. शिवाय दोन बंदुका, दोन घोडे किंवा खेचरं किंवा गाढवं, प्रत्येकाचं खोगीर आणि लगाम, बारा गुरं, इतर साठ जनावरं आणि एकशेवीस कोंबड्या. एवढं वाचल्यावर दिवाळं नक्की कुणाचं निघालंय असा प्रश्न पडतो. व्हरमाँटमध्ये थंडी फार, म्हणून जळाऊ लाकूड, कोळसा, एक गाय, दोन शेळ्या, दहा मेंढ्या, दहा कोंबड्या, मधमाश्यांची तीन पोळी त्यांच्या पेट्यांसकट आणि त्यातला मध. गायीला हिवाळाभर पुरेल एवढा चाराही. न्यू यॉर्कमध्ये शिवणयंत्र एक, फ्रिज एक, रेडिओ एक, टीव्ही एक, मोबाइल एक, कुटुंबाला एकशेवीस दिवस पुरेल इतकं अन्न, धर्मग्रंथ, घरच्यांच्या तसबिरी, आणि प्रार्थनामंदिरातली तुमची बसायची जागा. माणूस रस्त्यावर आला तरी देवापुढची त्याची रांग मोडायची नाही. आपल्याकडच्या कितीतरी देवस्थानांना ही कल्पना मानवणार नाही.

स्नेह्यांच्या डोक्यात लगेच टेक्साससंबंधी विचार सुरू झाले. पण कायदेमंडळात बसलेले लोकही चार पावसाळे पाहिलेले असतात. एखाद्या राज्याची यादी वापरायची तर आधी तिथे ७३० दिवस राहिलेलं असावं लागतं. एकशेवीस कोंबड्यांसाठी दोन वर्षं बुडणं पुढे ढकलायची सावकारांची तयारी नव्हती.

केंद्राच्या कायद्यातही गमती कमी नाहीत. २००५ च्या त्या कडक दुरुस्तीत घरगुती वस्तू कशाला म्हणावं याची एक व्याख्या घातली आहे. सामान तारण ठेवलेलं असेल तर कोणत्या वस्तू सोडवून घेता येतात हे ठरवण्यापुरती ती आहे. तिच्यात एक रेडिओ, एक टीव्ही आणि एक व्हीसीआर आहे. साल २००५, जग डीव्हीडीवर जाऊन पोचलेलं, आणि संसदेने व्हीसीआरला कायमचं अभय दिलं. ते आजही शाबूत आहे. त्याच व्याख्येत असंही म्हटलंय की कलाकृती या घरगुती वस्तू नव्हेत, मात्र त्या कर्जदाराने किंवा त्याच्या नातेवाइकाने काढलेल्या असतील, किंवा त्यांच्या असतील, तर चालेल. म्हणजे आत्याने काढलेलं कमळाचं तैलचित्र हे कायद्याच्या नजरेत खुर्ची आणि पातेल्याच्या पंगतीत बसतं. प्रत्येक मराठी घराने हे मनातल्या मनात मान्य केलेलं असतं, पण आत्यासमोर म्हणायची हिंमत वॉशिंग्टनने दाखवली.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग गाडीचा रकाना आला.

गाडी मोठी होती. डबे पोचवायला घेतली असं सांगितलं जात होतं, पण डब्यांना सनरूफ लागत नाही. कर्ज फिटलेलं, त्यामुळे तिची पूर्ण किंमत मालमत्तेत धरायची. गाडीला सवलत माणशी ५,०२५ डॉलर. वाइल्डकार्डचं वहिनींचं पान सोन्यावर पडलेलं. स्नेह्यांचं पान गाडीवर लावलं, दोघांची गाडीची सवलत लावली, तरी गाडी सवलतीच्या कुंपणाबाहेर डोकं काढून उभी. वकिलाने शांतपणे सांगितलं, "सात घेतलंत तर ट्रस्टी ही विकेल, तुमच्या सवलतीएवढे पैसे तुमच्या हातात देईल. तेरा घेतलंत तर गाडी राहील, पण पाच वर्षं हप्ते."

स्नेही क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "तेरा."

वहिनींनी पेन मागून घेतलं. पाच वर्षांचे महिने साठ. प्रत्येक महिन्याला घरखर्च वगळून उरेल ते सगळं कोर्टाला. नवीन कर्ज काढायचं तर आधी मंजुरी. भारतात जायचं तर तिकीट बजेटात बसवून दाखवायचं. धाकटीचं कॉलेज याच काळात. आणि वकिलाने प्रामाणिकपणे हेही सांगितलं की तेराव्या प्रकरणातल्या पुष्कळ योजना शेवटापर्यंत पोचतच नाहीत, मध्येच नोकरी जाते, आजारपण येतं, हप्ता चुकतो, आणि मग वस्तूही जातात आणि वर्षंही. वहिनींनी कागद नवऱ्यापुढे सरकवला. "अहो, या गाडीत बसून पाच वर्षं जाणार कुठे? जायला पैसे ठेवणार आहेत का?"

मी मध्ये पडून इतिहासातले दाखले दिले. अशा वेळी दुसरी मदत माझ्याच्याने होत नाही.

वस्तू सोडणाऱ्यांतला थोर माणूस रेम्ब्रांट. ॲमस्टरडॅममध्ये भलंमोठं घर घेतलं, लिलावांत दिसेल ते विकत आणलं, आणि १६५६ साली मालमत्ता आपण होऊन सावकारांच्या हवाली करायचा अर्ज केला. साध्या दिवाळखोरीपेक्षा तो प्रकार अब्रूचा मानला जाई. म्हणजे प्रकार निवडायची सोय तेव्हाही होती. अधिकाऱ्यांनी खोल्याखोल्यांतून फिरून ३६३ नोंदींची यादी केली. चित्रं, शिरस्त्राणं, शिंपले, पुतळे, आणि शेवटी धुवायला टाकलेले सदरे नि हातरुमालसुद्धा. घर विकलं गेलं. पण गंमत पुढे आहे. आज त्या घरात संग्रहालय आहे, आणि कोणत्या खोलीत काय होतं हे ठरवायला संग्रहालयाने तीच जप्तीची यादी वापरली. इतिहासाला आपल्या घराची इतकी चोख माहिती द्यायची दुसरी तऱ्हा नाही. मी वहिनींना म्हटलं, कुकर चारही लिहा, पुढेमागे एडिसनला संग्रहालय झालंच तर.

वर्षं सोडणाऱ्यांतला थोर माणूस मार्क ट्वेन. अक्षरजुळणीचं एक यंत्र जग बदलेल या भरवशावर त्याने पैसा ओतला. यंत्र बदलत राहिलं, जग नाही. १८९४ मध्ये त्याची प्रकाशनसंस्था बुडाली. सल्लागाराने पुस्तकांचे हक्क बायकोच्या नावे करून सुरक्षित ठेवले. तीही सावकारांपैकीच एक होती, कारण तिचाही पैसा त्यात अडकला होता. कायद्याने सगळं देणं फेडायची सक्ती ट्वेनवर नव्हती. तरी साठीच्या उंबरठ्यावर तो व्याख्यानं देत जगभर निघाला. जानेवारी १८९६ मध्ये मुंबईला वॉटसन हॉटेलात उतरला, मुंबईच्या कावळ्यांवर लिहिलं, पुण्यालाही जाऊन आला, आणि १८९८ पर्यंत पैसा न् पैसा फेडून मोकळा झाला. पगारदारांसाठीचं तेरावं प्रकरण कायद्यात यायला १९३८ उजाडलं. ट्वेनने ते चाळीस वर्षं आधीच स्वतःपुरतं लिहून काढलं होतं.

"म्हणजे मी ट्वेन होऊ का रेम्ब्रांट?" स्नेह्यांनी विचारलं.

"तुम्ही सही करा," वहिनी म्हणाल्या. सही सातव्यावर झाली.

आता राहिला तो ज्याचा कुणी विचारच केला नव्हता असा रकाना. जमीन आणि इमारती. कायदा म्हणतो, मालमत्ता जगात कुठेही असो आणि कुणाच्याही ताब्यात असो, तिच्यात तुमचा हितसंबंध असेल तर लिहा. आणि स्नेह्यांचा रत्नागिरी जिल्ह्यातल्या वडिलोपार्जित घरात, नऊ कलमांत आणि एका विहिरीत हिस्सा होता.

शपथेवर खोटं लिहिणं हा गुन्हा असल्याने तो लिहावा लागला. सातबारा मागवला. त्यावर हयात, मयत आणि अनिश्चित मिळून नावांची एक जत्रा होती. इंग्रजी भाषांतर करताना मला "सामाईक" या एका शब्दाला अर्धं पान लागलं. स्नेह्यांची झोप उडाली. आजोबांच्या भावाने ज्यासाठी आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, काकांनी ज्यासाठी सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलं, तो हिस्सा न्यू जर्सीतला कुणी ट्रस्टी लिलावात काढणार. "गावात तोंड कसं दाखवू?" ते म्हणत. गेल्या अकरा वर्षांत ते गावात गेले नव्हते, पण तोंड दाखवायचा हक्क त्यांनी सोडला नव्हता.

सावकारांची सभा झाली. हिला सभा म्हणतात आणि तिला सावकार सहसा येत नाहीत. पूर्वी ती प्रत्यक्ष भरे, आता झूमवर होते. त्यामुळे वहिनींना सगळ्यात लागलं ते हे की घरादाराची चौकशी करायला आलेल्या माणसाला साधा चहा देता आला नाही. ट्रस्टीने शपथ घ्यायला लावली. अर्ज वाचून सही केलीत का? सगळी मालमत्ता लिहिलीत का? कुणाकडून वारसा मिळायचा आहे का? हा शेवटचा प्रश्न जपून ऐकायचा, कारण अर्ज केल्यापासून १८० दिवसांत वारसा लागला तर तोही सावकारांचा. स्नेह्यांची एक बिनमुलाबाळांची मावशी सांगलीला आहे. तिची तब्येत विचारायला त्या सहा महिन्यांत त्यांनी जितके फोन केले तितके आधीच्या सहा वर्षांत केले नव्हते. मावशी गहिवरली, आणि फोनच्या जोरावर ठणठणीत झाली.

मग ट्रस्टी रत्नागिरीवर आला. हे लक्षात ठेवायला हवं की ट्रस्टीला विक्रीतून वाटलेल्या रकमेवर कमिशन मिळतं. पहिल्या पाच हजारांवर पंचवीस टक्क्यांपर्यंत, पुढे पन्नास हजारांपर्यंत दहा. त्यामुळे त्याचा आवाज प्रथम उत्साही होता. विकता येईल का, त्याने विचारलं. वकिलाने एकेक मुद्दा वाचायला घेतला. वाटणी झालेली नाही. सहहिस्सेदार तीन देशांत आहेत. त्यांतल्या दोघांचा एकमेकांविरुद्ध दावा चालू आहे. दाव्याची पुढची तारीख पुढच्या वर्षी आहे. जमीन शेतीची असल्याने १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे ती परवानगीशिवाय शेतकऱ्यालाच विकता येते. घरात चुलतभाऊ राहतो, तो निघणार नाही, आणि त्याची बायको तर मुळीच नाही. विहिरीचं पाणी कुणाचं यावर स्वतंत्र वाद आहे.

ट्रस्टी थोडा वेळ कागद चाळत राहिला. कायद्यात एक कलम असं आहे की जी मालमत्ता सांभाळणं ओझं होईल, किंवा जिच्यातून फारसं काही निष्पन्न होणार नाही, ती ट्रस्टीला सोडून देता येते. तो म्हणाला, मी ही सोडून देतो आहे. आणि पुढच्या अर्जदाराला बोलावलं.

स्नेही सुटले. पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा मागमूस नव्हता. "दोन मिनिटांत सोडलं?" ते पुन्हापुन्हा म्हणत होते. "तीन पिढ्या आमच्या गेल्या त्यात, आणि या माणसाने निदान एक तारीख तरी घ्यायची!" घर गेलं असतं तर त्यांना दुःख झालं असतं. घर नको म्हटलं गेल्याने त्यांचा अपमान झाला होता. कुणी हिसकावून घेण्याइतकं आपल्याकडे काहीतरी आहे, या समजुतीवर माणूस संसार करतो. कर्ज माफ करणारा कायदा ती समजूत तेवढी वसूल करून घेतो. अमेरिकेतल्या सातव्या प्रकरणाच्या बहुसंख्य अर्जांत ट्रस्टीला विकण्याजोगं काही सापडतच नाही. म्हणजे एवढे सगळे लोक भीत भीत यादी घेऊन जातात, आणि ती तशीच परत घेऊन घरी येतात.

या घरातून गाडी तेवढी गेली. सवलतीचे पैसे आले, त्यात एक जुनी छोटी गाडी आली. तीत डबे बसतात. यथावकाश देणी माफ झाल्याचा हुकूम टपालाने आला, आणि त्यानंतर फार दिवस गेले नाहीत तोच, त्याच टपालाने, नव्या क्रेडिट कार्डांची आमंत्रणं. यात चक्रमपणा नाही. ज्याच्या डोक्यावर एकही कर्ज नाही आणि ज्याला पुढची आठ वर्षं पुन्हा सातव्या प्रकरणातून सुटता येणार नाही, त्याच्याइतकं सुरक्षित गिऱ्हाईक सावकाराला दुसरं कुठलं? स्नेह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ती पाकिटं न फोडता टाकून दिली.

वहिनी मात्र वेगळ्याच मार्गाला लागल्या. सगळ्या वस्तूंची किंमत एकदा कागदावर पाहिली होती, ती डोळ्यांपुढून हलेना. जे कोर्टालाही नको ते आपण तरी का पुसत बसायचं, म्हणून त्यांनी गॅरेज सेल लावला. दोन कुकर, डिनर सेट, डब्यांची उतरंड, मिक्सर, सगळं अंगणात मांडलं, आणि प्रत्येकावर कोर्टात लिहिलेली किंमत चिकटवली. बंब मात्र घरातच ठेवला. त्याबद्दल कुणी काही विचारायचं नव्हतं.

सकाळभरात दोन कुंड्या आणि एक चादर गेली. दुपारी शेजारची बाई आली, मिक्सर उलटासुलटा केला, पाच डॉलरचं लेबल वाचलं, आणि म्हणाली, दोन देते.

वहिनींनी मला तातडीने फोन लावला. "भाऊजी, आपण शपथेवर पाच लिहिलं होतं ना? ही दोन म्हणते. म्हणजे आपण कोर्टात किंमत वाढवून सांगितली का? आणि आता दोनला दिला तर खोटं ठरू का?"

मी म्हटलं, "वहिनी, देऊन टाका."

"छे! कोर्टात लिहून दिलंय मी. पाच म्हणजे पाच."

मिक्सर परत आत गेला. अजून चटणी करतो.